उंबऱ्याबाहेरचा शब्द

वेणीच्या टोकाला रबर गुंडाळून त्याने हात सोडला, आणि ती म्हणाली, "थँक्यू."

म्हणाली म्हणजे अगदी सहज म्हणाली. आरशासमोरच्या स्टुलावर ती बसली होती, प्लास्टरमधला उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला, आणि तो मागे कंगवा घेऊन उभा. जिन्यावरून पाय घसरून तिचं मनगट मोडलं तेव्हापासून सकाळचा हा कार्यक्रम ठरलेलाच होता. आधी बटणं, मग केस, मग चहा. पहिल्या दिवशी त्याने घातलेली वेणी बघून ती म्हणाली होती, "ही वेणी आहे की सुतळी?" दुसऱ्या दिवशी, "ओढा अजून, टक्कल पडेपर्यंत ओढा." त्या बोलण्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं; उलट त्या बोलण्याच्या आधारानेच त्याचा हात हळूहळू बसत गेला होता. आज वेणी पहिल्यांदा सरळ आली. त्याला वाटलं, आता ती म्हणेल, जमलं बुवा एकदाचं. आणि तिने हा शब्द काढला. तो दचकला, कंगवा हातातून पडला नाही एवढंच. दचकलेल्या माणसाच्या जिभेवर जे आधी येतं ते येतं. "मेन्शन नॉट," तो म्हणाला. मग दोघंही आरशात बघत राहिली, पण एकमेकांकडे नाही. तिने डाव्या हाताने वेणी पुढे घेतली, पुन्हा मागे टाकली. त्याने कंगव्यातले केस काढून त्यांची गोळी केली. निघताना तो "येतो" म्हणाला, तर रोजच्यासारखं "सावकाश जा" न म्हणता तिने नुसती मान हलवली.

जिना उतरताना तो कठड्याला धरून उतरला. हल्ली तो असाच उतरायचा; पडली ती, आणि जिन्याला घाबरायला लागला हा. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याने सुटे पैसे परत दिले आणि म्हणाला, "थँक्यू, काका." त्याने नेहमीसारखी मान डोलावली, आणि दोन पावलं पुढे जाऊन थांबला. बघा, हा शब्द इथे कसा शोभतो. पेपरवाल्याच्या तोंडात शोभतो, बसच्या कंडक्टरच्या तोंडात शोभतो, पावतीच्या तळाशी छापलेला शोभतो. ज्याच्याशी आपलं देणंघेणं तिथल्या तिथे मिटलं, त्याला म्हणायचा हा शब्द. तुझं तुला पोचलं, माझं मला पोचलं, आता तू तुझ्या वाटेने आणि मी माझ्या. घरात कुणी कुणाचं असं मिटवतं का? लहानपणी शाळेत बाईंनी शिकवला म्हणून तो हा शब्द मोठ्या कौतुकाने घरी घेऊन आला होता. आत्याने त्याला नवा सदरा शिवून आणला होता, निळ्या चौकड्यांचा. तो अंगात घालून तो तिच्यासमोर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, थँक्यू, आत्या. घरभर हशा पिकला, पण आत्या हसली नाही. "मोठा साहेब झाला हो आमचा," ती म्हणाली, "मी काय परकी आहे?" आणि खरोखरच तिचा चेहरा पडला होता. त्या सदऱ्याची गुंडी गळ्याशी काचत होती हे त्याला अजून आठवत होतं. तेव्हापासून आपल्या माणसासमोर तो शब्द त्याच्या तोंडातून कधी निघाला नाही.

बायकोची गोष्ट उलटी होती. ती त्या शब्दावर जगली होती. एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोनच्या बोर्डावर ती बसायची, कानाला यंत्र, समोर भोकंच भोकं आणि त्यांत खुपसायच्या वायरी. नमस्कार, कोण हवंय, जोडून देते, थँक्यू. असं दिवसभर. लग्न झालं त्या वर्षी एकदा त्याने तिला तिथे फोन केला होता. तोवर त्याने तिला फोनवर कधी ऐकलंच नव्हतं. किल्ली शेजारी ठेवतोय, एवढाच निरोप. पलीकडून असा काही गोड, गुळगुळीत आवाज आला की, आपल्या बायकोलाच आपण चोरून भेटतोय असं त्याला वाटलं. त्याने जरा सलगीने विचारलं, "जेवलीस का?" त्यावर तो गोड आवाज म्हणाला, "निरोप मिळाला, थँक्यू," आणि खट्कन लाईन तुटली. दोन दिवस तो घरात तोंड फुगवून बसला. तिसऱ्या दिवशी तिने कारण खोदून काढलं आणि हसता हसता भिंतीला टेकली. हसताना तिचा वरचा उजवा दात, डाव्यावर किंचित चढलेला, सगळ्यांच्या आधी बाहेर यायचा. "अहो, वेडे आहात का? तिथे शेजारी मुख्य बाई उभ्या होत्या. आणि तो शब्द माझ्या तोंडातून आपोआप पडतो. पडला की हात वायर ओढतोच." मग तिने त्याच्या हनुवटीला हात लावून तह केला होता. तो शब्द चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचा. घरात आणायचा नाही. ती नोकरीतून निवृत्त झाली, बोर्ड गेला, वायरी गेल्या, पण तह कायम होता. मुलीचं बारसं, तिचं आजारपण, त्याचं पोटाचं ऑपरेशन, कर्ज काढून घेतलेली ही खोली, इतक्या वेळा एकाने दुसऱ्याला सावरलं, तरी शब्द आपला बाहेर चपलांशी गुमान बसून होता. आणि आज सकाळी, वेणीसारख्या वेणीसाठी, तिने तो आत घेतला.

पडला की हात वायर ओढतोच. हे वाक्य त्याला बसमध्ये आठवलं आणि उतरायचा थांबा हुकला.

कारण कालचा फोन. काल संध्याकाळी मुलीचा फोन आला होता. ती लांबच्या शहरात असते. सकाळी निघालं तर दुपार टळल्यावर पोचतो. आई, तुला थोडे दिवस माझ्याकडे आणते, ती म्हणत होती, बाबांची किती ओढाताण होते, या वयात त्यांना घर, काम आणि तू, तिन्ही कसं झेपणार? प्लास्टर निघालं तरी पुढे व्यायाम आहेत. निदान दोनतीन महिने. फोनमधून लेकीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. बायको फोन कानाला लावून त्याच्याकडे बघत होती. खरं तर तेव्हाच काही बोलायला हवं होतं. पण त्याने पेपर वाचायचा आव आणला, आणि वर चष्मा पुसायला घेतला. त्याला वाटलं, तिला जायचं असलं तर आपण कोण अडवणार? तिथे मुलगी आहे, नात आहे, चांगली वेणी घालणारे हात आहेत. ती म्हणाली, "बघते. उद्या कळवते." रात्रभर त्या विषयावर कुणी काही बोललं नाही. आणि सकाळी थँक्यू. आता आणखी काय सांगायचं राहिलं? सभेत आभार मानायला माणूस उठला की लोक खुर्चीखाली चपला चाचपायला लागतात. कार्यक्रम संपला, हे कळायला आणखी घंटा लागत नाही.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत येऊन त्याने ॲप्रन चढवला. दर्शनी बाजूला दातांचे डॉक्टर, मध्ये पातळ लाकडी भिंत, आणि भिंतीच्या मागे तो. तो कवळ्या करायचा. गल्लीतले लोक त्याला बत्तीशीवाले म्हणायचे, आणि दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात, पण आमच्या बत्तीशीवाल्यांचं भरतं, अशी त्याची थट्टा करायचे. पुढून जबड्याचा साचा यायचा, तो त्यात प्लास्टर ओतायचा, प्लास्टरच्या हिरडीवर मेणाचा पट्टा बसवायचा आणि मेणात एकेक दात लावत जायचा. खालचा आणि वरचा जबडा एका पितळी यंत्रावर चढवायचा, यंत्र उघडायचं, मिटायचं, दातावर दात बसतो का बघायचं. ज्यांच्यासाठी हे चालायचं त्यांचे चेहरे त्याने क्वचितच पाहिले. त्यांचे आवाज मात्र भिंतीतून यायचे. कवळी बसली की आधी जरा चाचपडत, तोंडात लाळ गोळा झालेली, आणि मग माणूस डॉक्टरांना म्हणायचा, थँक्यू, डॉक्टर. आणि डॉक्टर म्हणायचे, मेन्शन नॉट. त्याला याचं वाईट कधी वाटलं नाही. नव्या कवळीतून आलेला पहिला शब्द बहुतेक वेळा तोच असायचा, आणि तो ऐकून त्याला कळायचं, थ नीट उमटला, म्हणजे पुढचे दात जागेवर आहेत. एवढ्यावर तो खूश असायचा. सकाळी तिला दिलेलं उत्तर या भिंतीतून आलं होतं, हे त्याला आत्ता, दिवा पेटवताना, समजलं. थँक्यूचं उत्तर म्हणून त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. आपल्याला कुणी थँक्यू म्हटलंय, असे प्रसंगच किती आले होते!

एका आजोबांची पूर्ण बत्तीशी आज मेणात लावायची होती. त्याने सुरी दिव्यावर धरली, मेण मऊ केलं, पुढचे दोन दात बसवले. हात आपलं काम करत होते आणि मन घरी होतं. हाडाच्या डॉक्टरांनी तिच्या हाताला प्लास्टर घातलं तेव्हा तो शेजारीच उभा होता. ओलं प्लास्टर सुकताना तापतं. हे त्याच्याएवढं कुणाला माहीत? तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला होता, "आता गरम लागेल हं. घाबरू नकोस, ते घट्ट होतंय." इतकं दुखत असतानाही ती म्हणाली, "तुमच्या त्या जबड्यांना पण सांगता का असं?" आणि तिचा तो चढलेला दात दिसला. रात्री तो प्लास्टरवर हात ठेवून झोपला होता. ऊब केव्हाच गेली होती, तरी हात ठेवला होता. तिला पहिले दोन दिवस चमच्याने भरवताना त्याचं स्वतःचं तोंड आपोआप उघडायचं, लेकराला भरवताना आईचं उघडतं तसं, आणि ती घास तोंडात धरून हसायची. हे सगळं तिला उपकार वाटलं असेल? म्हणजे तो घास भरवत होता आणि ती मनात ऋण मोजत होती? छे. ती तशी नाही. पण मग तो शब्द का? तिथे जायचं ठरल्यावर, पाहुणा घरातून निघताना म्हणतो तसा?

डॉक्टर आत आले आणि यंत्रावरचा जबडा उचलून त्यांनी उजेडात धरला. "बत्तीशीवाले, हे काय केलंत?"

"काय झालं?"

"वरचा उजवा दात डाव्यावर चढलाय. आजोबांनी असे दात कधी मागितले होते?" डॉक्टर मिश्कील होते. "कुणाचे दात लावून ठेवलेत हे?"

त्याने जबडा हातात घेतला. गुलाबी मेणात, प्लास्टरच्या त्या बिनचेहऱ्याच्या हिरडीवर, तिचं हसू बसलं होतं. तोच उजवा दात, तेवढाच पुढे, तेवढाच तिरका. इतक्या वर्षांत त्याने कुणाची बत्तीशी वाकडी लावली नव्हती; लोक सरळ दात मागतात, तो सरळ देतो. "चुकलं," तो म्हणाला, "परत लावतो." डॉक्टर गेल्यावरही त्याने सुरी तापवली नाही. तो यंत्र उघडायचा, मिटायचा. तीन महिने. तीन महिने सकाळी कुणी सुतळी म्हणणार नाही. चहा एका कपाचा करायचा म्हणजे किती पाणी घ्यायचं हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. त्याला एकदम इतकं एकटं वाटलं, की तो उठून पुढे गेला आणि काउंटरवरच्या फोनवरून त्याने घरचा नंबर फिरवला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. जाऊ नकोस म्हणावं? काउंटरवरच्या बाईंच्या देखत? पण बोलायची वेळ आलीच नाही. फोन बिझी होता. थोड्या वेळाने पुन्हा फिरवला, तरी बिझी. म्हणजे ती कळवत होती. त्याने फोन ठेवला, मागे आला, सुरी तापवली आणि तिचं हसू वितळवलं. मग आजोबांचे दात सरळ, ओळीत, कुणाचेच नसल्यासारखे लावून दिले.

संध्याकाळी दार उघडंच होतं. पलंगावर निळी बॅग पसरलेली, तिच्यात डाव्या हाताने कोंबलेले कपडे, आणि ती शेजारी दमून बसलेली. सकाळची वेणी अर्धी सुटली होती. त्याने बॅगेकडे पाहिलं आणि चपला काढायचं विसरून आत आला.

"रविवारी येतात लेक-जावई गाडी घेऊन," ती म्हणाली. "दुपारी बोलले तिच्याशी."

"बरं."

"तुम्हालाही जरा मोकळं होता येईल."

"मला कशाला मोकळं व्हायचंय?"

तिने बॅगेतून एक झंपर बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सकाळी मेन्शन नॉट म्हणालात."

"तू आधी थँक्यू म्हणालीस."

"म्हणाले. मग?"

"मग काय? तह कुणी केला होता? दाराबाहेर ठेवायचा म्हणून?" त्याचा आवाज स्वतःलाच अनोळखी वाटला. "इतकी वर्षं पाळलास, आणि नेमका आज, जायच्या वेळी... मला वाटलं, वायर ओढलीस."

"जायच्या वेळी?" ती थक्क होऊन बघत राहिली. "अहो, तेव्हा कुठे ठरलं होतं माझं जायचं? तुम्ही मेन्शन नॉट म्हणालात, त्यानंतर ठरवलं मी."

रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायला बघत होतं आणि ती सुरू होत नव्हती. दोघंही ते ऐकत बसली.

"आरशात तुमचं तोंड दिसलं मला," ती हळूच म्हणाली. "जीभ दातांत धरून वेणी घालत होतात. दात बसवताना धरता तशी. एवढं मन लावून कुणी माझे केस कधी विंचरले नव्हते, आईनेसुद्धा नाही. आणि मनात आलं, बोर्डावर बसून ज्यांची तोंडंही पाहिली नाहीत त्यांना दिवसभर वाटला मी तो शब्द. फुकटचा. आणि या माणसाला एकदाही नाही. तह गेला खड्ड्यात, म्हटलं. तोंडातून पडला नाही तो आज. मी म्हणाले." तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत होता. "तर तुम्ही काउंटरवरच्यासारखं मेन्शन नॉट! काल पोरीचा फोन चालू असताना पेपरात डोकं, आज हे. मला वाटलं, झालं, मी आता यांच्या हातावरचं एक काम झाले. एक जबडा जास्तीचा."

त्याला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे एकही धड बाहेर पडेना. तो तिच्याशेजारी, बॅगेच्या कडेवरच बसला. आत काहीतरी चिरडल्याचा आवाज झाला. बहुधा पावडरचा डबा. "जाऊ नकोस," तो म्हणाला. आयुष्यात त्याने कुणाला अडवलं नव्हतं. मुलीला सासरी पाठवतानाही तो सामानच मोजत उभा होता. आता एकदा तोंडातून निघालं तसं त्याने पुन्हा म्हटलं, "जाऊ नकोस. मला जमतंय सगळं. आणि नाही जमलं तर तू शिव्या द्यायला आहेसच."

"अहो, उठा आधी. कपड्यांवर बसलात."

तो उठला. तिने फोन जवळ ओढला, डाव्या हाताने नंबर फिरवला आणि लेकीला सांगितलं, की रविवारी या, जेवायला या, पण रिकाम्या गाडीने परत जा. पलीकडून बराच वेळ वाद चालला. मग तिने फोन त्याच्या कानाला लावला. "बाबा, नक्की जमेल का तुम्हाला?" "जमेल," तो म्हणाला. "आज वेणी सरळ आली होती." मुलगी म्हणाली, "बरं बाबा. थँक्यू." ही आपली लेक, हिने तर हा शब्द केव्हाच घरात आणून ठेवला होता, प्रत्येक फोनच्या शेवटी, आणि त्याने कधी तो उचलून पाहिलाच नव्हता. तो फोन कानाला तसाच धरून राहिला, आणि पलीकडे तीही.

मग त्याने बॅग जमिनीवर उतरवली आणि कंगवा घेतला. ती स्टुलावर जाऊन बसली. सुटलेली वेणी त्याने पूर्ण सोडवली, केस मोकळे केले, तीन पेड केले. खिडकीतला उजेड कमी होत चालला होता, पण दिवा लावायला दोघांपैकी कुणी उठलं नाही. तिची मान पांढरी आणि जरा बारीक झालेली वाटत होती. रबर गुंडाळून झालं तरी त्याने हात सोडला नाही. तिने आरशात बघितलं.

"काय?"

त्याने घसा खाकरला. शब्द ओठांपर्यंत आला, परत गेला, पुन्हा आला. निळ्या सदऱ्याची गुंडी गळ्याशी काचायला लागली.

"थँक्यू," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"राहिलीस म्हणून."

तिने मेन्शन नॉट म्हटलं नाही. ती आरशात त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होती. त्याचा जबडा किंचित वाकडा झाला होता आणि तोंडात लाळ गोळा झाली होती, पहिल्यांदा कवळी घातलेल्या माणसासारखी. अशा माणसांना काय सांगायचं असतं, ते तो डॉक्टरांना नेहमी सांगायचा, आणि घरी येऊन तिलाही सांगायचा. तिला ते पाठ होतं.

"टोचतोय का?" तिने विचारलं.

"थोडा."

"काढू नका लगेच," ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी तो उजवा दात दिसला. "राहू दे तोंडात. सवय होईल."